पाणी उतरेना: कुरुंदवाडच्या काठावरून 2019 चा महापूर समजून घेताना

नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात एक गोष्ट होते, ती बाहेरच्या माणसाला सांगितली तर पटकन पटत नाही. कृष्णेचं पाणी वाढत वाढत घाटाच्या पायऱ्या चढतं, देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या दाराशी अंघोळ करायला लोकं रात्री-अपरात्री गाड्या काढून येतात. पाणी अजून वाढलं तर उत्सवमूर्ती वर नेऊन ठेवायची, देऊळ बुडतं, काही दिवसांनी पाणी उतरतं, गाळ धुवून काढायचा आणि परत पूजा सुरू. इथं कुणी याला संकट म्हणत नाही.

हे आधी सांगतोय कारण टीव्हीवर पुराची बातमी बघणाऱ्याला वाटतं की नदीकाठच्या लोकांवर अचानक काहीतरी कोसळलं. तसं नसतं. इथल्या, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला पूर पाठ असतो, कुठल्या पुलाला पाणी लागलं की कुठला रस्ता बंद होतो हे शाळेतली पोरं पण सांगतात. साधा पूर वेगळा आणि महापूर वेगळा, आणि या दोघांतला फरक नुसता उंचीचा नाही, दिवसांचा पण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये गावं मोडली ती पाणी आलं म्हणून जेवढी, त्याहून जास्त पाणी उतरेना म्हणून. ते का उतरेना, आणि न उतरणारं पाणी एखाद्या छोट्या गावाचं नेमकं काय करतं, एवढंच जमेल तसं सोपं करून सांगतो.

वाडीतनं पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाचं जुनं गाव, संगमाजवळ संताजी घोरपड्यांची समाधी, घाट, आणि मग चारी बाजूला ऊस. नगरपालिका आहे म्हणून कागदावर शहर, पण गावचा सगळा जीव शेतीवर. माझ्या आत्याचं सासर तिथलं, आत्येभावाचं, म्हणजे दादाचं, किराणा दुकान आहे, त्यामुळं यातलं बरंच त्यांच्या घरात बसून ऐकलेलं आणि पाणी उतरल्यावर जाऊन बघितलेलं आहे.

आधी नकाशा. तळहात डोळ्यासमोर धरा. बोटं म्हणजे सह्याद्रीतनं उतरणाऱ्या नद्या आणि मनगट म्हणजे शिरोळ तालुका. कृष्णा महाबळेश्वरवरून येते, कराडला तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. तिकडं कोल्हापूरच्या बाजूला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त), आणि ही पंचगंगा 80 किलोमीटरच्या आसपास वळणं घेत घेत वाडीला कृष्णेत येते. थोडं पुढं गेलं की दूधगंगा. म्हणजे महाबळेश्वरपासून गगनबावडा-राधानगरीपर्यंत घाटमाथ्यावर पडलेला पाऊस शेवटी या एवढ्याशा पट्ट्यातनं कर्नाटकात जातो. वर घाटात उतार जोरात, पाणी धावत येतं, आणि इथं आल्यावर जमीन जवळजवळ सपाट. जिन्यावरनं बादली ओतली तर वरच्या पायऱ्यांवर पाणी थांबत नाही, खालच्या फरशीवर पसरतं, तसंच.

आता बातम्यांतले दोन शब्द, क्युसेक आणि टीएमसी. रोज ऐकतो पण अंदाज नसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, दोन घागरी धरा. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये 2,800 कोटींच्या वर. कोयना धरण 105 टीएमसीचं, वारणा 34 च्या आसपास आणि शाहू महाराजांचं राधानगरी आठ टीएमसीपेक्षा थोडं जास्त. कुठल्याही धरणातनं एक लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर सुटलं तर ते 8.64 टीएमसी होतं. म्हणजे अख्खं राधानगरी धरण एका दिवसात रिकामं करून नदीत ओतल्यासारखं. 2019 ला कोयनेचा विसर्ग लाखाच्या वर गेला होता. आणि ही फक्त एका धरणाची गोष्ट, बाकीची धरणं वेगळी, आणि धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो तर कुठल्याच दरवाज्यात मोजला जात नाही, तो सरळ ओढ्यांतनं नदीत.

हा खालचा पाऊस फार महत्त्वाचा आहे आणि धरणांवरनं होणाऱ्या भांडणात तोच विसरला जातो. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. सातही उघडले तर साधारण 10 हजार क्युसेक. मोबाईलवर 'राधानगरीचे सात दरवाजे उघडले' असा व्हिडिओ फिरला की अर्ध्या जिल्ह्याच्या छातीत धस्स होतं, पण पंचगंगेच्या महापुरात त्या 10 हजारांचा वाटा तसा लहान. बाकीचं पाणी मोकळ्या डोंगरांचं आणि शिवारांचं, ज्याला दरवाजाच नाही.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांना चक्रावते. कुरुंदवाडात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. यात चमत्कार काही नाही. कोयनेतनं सुटलेलं पाणी सांगलीला यायला एक-दीड दिवस लागतो आणि इथं यायला आणखी थोडा. त्यामुळं आज दारात आलेलं पाणी परवाच्या पावसाचं असतं. आणि उलटंही खरं, वर पाऊस थांबला म्हणून इथलं पाणी लगेच थांबत नाही. पाहुण्यांचे फोन येतात, आता उघडलंय ना रे, कमी होईल की. ते ऐकून इथला माणूस नुसता हं म्हणतो.

आता मुख्य मुद्दा, फुगवटा. गल्लीतनं गाडी मेन रोडला काढायची आहे आणि मेन रोडच जाम आहे असं समजा. गल्लीतला रस्ता कितीही मोकळा असला तरी तुम्ही तोंडाशी अडकता, मागनं येणारे तुमच्या मागं थांबतात, आणि बघता बघता रांग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाते. पंचगंगा ही गल्ली आणि कृष्णा मेन रोड. कृष्णेची लेव्हल वाढलेली असली की पंचगंगेचं पाणी वाडीच्या संगमाशी तुंबतं आणि मागं मागं फुगत जातं. कृष्णेला तरी पुढं कुठं घाई असते, तिला पुढं दूधगंगा मिळते, त्याच्या पुढं कर्नाटकातलं हिप्परगी बॅरेज आणि मग अलमट्टी धरण. ज्या वर्षी दोन्ही नद्यांना पूर वेगवेगळ्या दिवशी येतो त्या वर्षी निभावतं. 2019 ला दोन्ही एकदम आल्या आणि पाऊसही एकदोन दिवसांत संपला नाही, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टचे पहिले आठ-दहा दिवस नुसता ओतत होता. कुरुंदवाड बरोबर त्या तोंडाशी.

अलमट्टीचं नाव काढलं की या भागात दोन तट पडतात. धरण विजापूर-बागलकोटच्या हद्दीत, पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटर, साठा 123 टीएमसीच्या घरात. ही उंची 524.256 मीटरपर्यंत न्यायला पाणीवाटप लवादानं 2010 साली परवानगी दिली आणि तेव्हापासून आमच्याकडं धास्ती आहे. 2019 नंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं सांगितलं की महापूर अलमट्टीमुळं आला नाही, कारण आहे प्रचंड पाऊस, आणि त्याच्या जोडीला नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणं. हे इथल्या बऱ्याच लोकांना अजून मान्य नाही आणि त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण पुढचं धरण भरलेलं ठेवलं की पाण्याला पळायला वाव कमी मिळतो ही शंका साध्या अनुभवातनं आलेली आहे, आणि तिथनं विसर्ग वाढवायला सांगण्यासाठी दोन राज्यांची फोनाफोनी होत बसते तोवर इथं जिने बुडतात. शेवटी अलमट्टीतनं पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं. पण माझं स्पष्ट मत असं की अलमट्टी हा सगळ्यांना सोयीचा विषय आहे. लांबच्या दुसऱ्या राज्यातल्या धरणाला शिव्या घातल्या की आपल्या गावातल्या ओढ्यावर कुणी प्लॉट पाडले हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ते प्लॉट आणि ते भराव, त्याचं पण गणित सरळ आहे. नदीकाठची मळीची रानं म्हणजे नदीचं कोठार. पाणी पात्राबाहेर पडलं की या रानांत पसरतं, थांबतं, आणि सवडीनं परत जातं. त्या रानातनं उंच मातीचा भराव घालून रस्ता केला आणि मध्ये फक्त पुलाच्या चार कमानींएवढी फट ठेवली, की रस्ता झाला बंधारा. रस्ता बुडू नये म्हणून भराव घातला हे बरोबरच, पण न बुडणारा रस्ता अलीकडच्या गावाला जास्त बुडवतो. म्हणून इकडची लोकं भरावाच्या जागी कमानीचे पूल मागतात. गंमत म्हणजे एवढे भराव असून 2019 ला पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ कितीतरी दिवस पाण्याखाली बंद होता, ट्रकच्या रांगा लागल्या होत्या.

आकड्यांतला अजून एक गोंधळ मिटवतो. सांगलीच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर आणि राजाराम बंधाऱ्याला 55 च्या वर गेलं. याचा अर्थ गावात 57 फूट पाणी होतं असा नाही, तो आकडा पुलाच्या पट्टीवरचा. गावातल्या माणसाला त्या पट्टीवरनं आपलं घर ओळखता यावं लागतं, म्हणजे आयर्विनला अमुक फूट झालं की आपल्या उंबऱ्याला पाणी. हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा, आणि तो मागच्या पुरावरून ठरलेला.

आणि तिथंच घात झाला. 2005 चा पूर आयर्विनला साधारण 54 फुटांचा. तोवर कुणी बघितलेला सगळ्यात मोठा पूर तोच. त्यामुळं 2005 नंतर ज्यांनी घरं बांधली त्यांनी त्या खुणेच्या वर जोतं घेतलं, आणि ज्यांच्या घरात 2005 ला पाणी आलं नव्हतं त्यांनी निर्धास्त राहायचं ठरवलं. आत्याचे सासरे तेव्हा ऐंशीच्या पुढचे. ते खाटेवरनं हलायला तयार नव्हते. "पाच सालाला बी पाणी हितवर आलं न्हवतं, आता काय येतंय." पाच साल म्हणजे 2005. तो त्यांचा हट्ट नव्हता, त्यांच्या आख्ख्या आयुष्याचा डेटा होता, फक्त अपुरा.

शिवाय पाणी चढत होतं कसं, तर तासाला इंच-दोन इंच. दादानं अंगणात पायरीशी विटेचा तुकडा ठेवला होता. दर तासाला बॅटरी घेऊन बघायचं. वीट बुडाली की वरच्या पायरीवर दुसरी. असल्या पाण्याची भीती वाटत नाही हो, हाच त्याचा धोका. धो धो लोंढा आला असता तर माणूस सगळं टाकून पळाला असता. इंचानं वाढणाऱ्या पाण्याशी माणूस घासाघीस करतो. एवढी पायरी बुडू दे मग निघू, पहाट होऊ दे, म्हशी काढू दे. आणि तोवर एक गोष्ट होऊन बसलेली असते जी घरातनं दिसत नाही. गावाबाहेर जाणारा रस्ता कुठंतरी ओढ्याशी खोल उतरलेला असतो आणि तो खोलगट भाग घराच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणजे तुमच्या उंबऱ्याला पाणी लागायच्या आधीच तुमचं गाव बेट झालेलं असतं. पलीकडं औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलासचं असंच झालं, आणि खिद्रापूर तर नदीच्या वळणातच बसलंय. नंतर मग बोटीशिवाय पर्याय उरत नाही, आणि बोटी मोजक्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला जी बोट उलटली ती अशाच गर्दीनं भरलेली होती. त्यात गेलेल्यांत बायका आणि लहान मुलं होती. त्यावर जास्त लिहवत नाही.

आत्याच्या घरचे शेवटी निघाले, म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून. दुकानातला माल दादानं वरच्या फळ्यांवर चढवला होता, 2005 च्या खुणेच्या दोन फूट वर. पाणी त्याच्याही वर गेलं आणि तिथंच राहिलं.

आता न उतरणारं पाणी काय करतं ते बघा. पहिलं, भिंती. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, नाहीतर दगड-मातीच्या. पाणी एक दिवस राहिलं तर भिंतीचा खालचा थर भिजतो, वाळतो, भिंत वाचते. आठवडा राहिलं तर माती आतपर्यंत लोण्यासारखी मऊ होते. तरी भिंत उभी दिसते, कारण आतनं आणि बाहेरनं दोन्हीकडनं पाण्याचा सारखाच दाब असतो, एक प्रकारे पाण्यानंच तिला धरलेलं असतं. पाणी उतरलं की तो आधार जातो, भिजून जड झालेली भिंत आपलंच वजन पेलू शकत नाही. म्हणून बरीच घरं पूर ओसरल्यावर, चांगलं ऊन पडल्यावर पडली. त्यात खाली काळी जमीन, ही पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळं सिमेंटच्या घरांना सुद्धा महिन्या-दोन महिन्यांनी तडे गेले. पंचनामा करून माणूस गेल्यावर पडलेली भिंत कुठल्या कागदात बसवायची, यावर किती घरांनी किती चकरा मारल्या असतील.

दुसरं, ऊस. बाहेरच्यांना वाटतं उसाला पाणी लागतंच, मग काय बिघडलं. ऊस हे खरंच चिवट पीक आहे, बुडाला तरी शेंडा पाण्याच्या वर असेल तर बरेच दिवस तग धरतो. पण शेंडा बुडाला आणि गढूळ पाणी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, शिरलं की गाळ बसतो आणि पोंगा कुजतो. शेंडा मेला की उसाच्या कांड्यावरचे डोळे फुटायला लागतात, पांगशा येतात, आत साठलेली साखर त्या फुटव्यांना जाते, ऊस पोकळ आणि हलका होतो. रस्त्यावरनं बघितलं तर रान हिरवंगार दिसतं. वजन केल्यावर कळतं. आणि असा ऊस लवकर तोडला तर थोडं वाचतं, पण कारखाने सुरू व्हायला अजून दोन-तीन महिने, मग तोडीच्या पाळ्या, सगळ्यांचाच ऊस बुडालेला, आधी कुणाचा तोडायचा? सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला यांचं तर नावच नको, ते दोन-तीन दिवसांतच कुजलं. वैरण कुजली म्हणून जी जनावरं वाचवली ती खायला घालायची कशी हा वेगळा घोर, आणि दुधाच्या गाड्या बंद म्हणजे रोजचा हातात येणारा पैसा बंद.

तिसरं, सगळीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही. हे नुसतं बोलायची गोष्ट नाही. गावाला पाणी देणारी मोटार नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीत असते, म्हणजे पुरात सगळ्यात आधी तीच बुडते. लाईट तर बंदच केलेली असते. पाणी उतरल्यावर मोटारी काढायच्या, वाळवायच्या, नाहीतर रिवाइंड करायच्या, विहिरीतला गाळ उपसायचा, त्यात क्लोरीन टाकायचं, तोवर टँकर.

पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो वास. ओला गाळ, कुजलेला ऊस, मेलेली जनावरं, भिजलेलं धान्य, डिझेल, सगळं एकत्र. दुकानात फ्रिज तोंडावर पालथा पडलेला, कारण फ्रिज आत हवा असल्यामुळं तरंगतो आणि पाणी उतरताना जिथं टेकेल तिथं आडवा होतो. साखरेच्या पोत्यांत साखर नव्हती, नुसती पोती. गव्हाला मोड आलेले. लोखंडी कपाटाचं दार गंजून बसलेलं, ते पहारीनं उघडलं तर आतला आत्याच्या लग्नातला शालू भिजून इतर कपड्यांच्या रंगानं माखलेला. आणि अंगणात दोरीवर, जिथं कपडे वाळत घालतात तिथं, दादानं उधारीच्या वह्यांची पानं सुटी करून चिमट्यांनी लावलेली.

या वह्यांपाशी जरा थांबतो, कारण छोट्या गावाचं नुकसान मोजताना हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. असल्या गावात किराणा उधारीवर चालतो. शेतकऱ्याला उसाचं बिल आलं की तो वर्षाची उधारी भागवतो, मजुराला हप्त्याचा पगार झाला की तो. दुकानदार स्वतः जयसिंगपूर नाहीतर इचलकरंजीच्या होलसेलवाल्याकडनं उधार आणतो. अशी साखळी असते. 2019 ला पूर आला ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, नागपंचमी पाण्यात, पुढं राखी, आणि 2 सप्टेंबरला गणपती. म्हणजे दुकानदारांनी सणाचा माल आधीच भरलेला, तोही उधार. कुंभारांच्या घरी गणपती अर्धे रंगवलेले, त्यांचा परत चिखल झाला. शेतकऱ्याचं बिल बुडालं, मजुराचं काम बुडालं, दुकानदाराचा माल बुडाला आणि कुणाकडनं किती येणं आहे हे लिहिलेली वही पण बुडाली. बॉलपेनचं अक्षर टिकलं होतं, शाईपेनचं पसरून निळा डाग झालेला. दादा त्या डागांकडं बघून आठवत होता, हे पान कुणाचं असेल. काही जण स्वतः येऊन सांगून गेले, माझे एवढे होते बघ. काही जण आले नाहीत, आणि त्यांना विचारायचं कुठल्या तोंडानं, त्यांचं घरच पडलेलं.

सरकारी मदतीचं थोडक्यात. पहिल्यांदा जो आदेश निघाला त्यात फुकट धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असल्याची अट होती, त्यावरनं गदारोळ झाला. सानुग्रह अनुदान ग्रामीण भागाला 10 हजार आणि शहरी भागाला 15 हजार ठरलं. आता यातली गंमत बघा, नगरपालिका असली की शहर आणि ग्रामपंचायत असली की खेडं, पाणी तेवढंच, चिखल तोच. शेजारच्या दोन गावांतल्या दोन भावांना यामुळं वेगवेगळी रक्कम. आणि 10-15 हजारांत काय येतं, एक मोटार रिवाइंड आणि महिन्याचं राशन.

राहता राहिला 'शंभर वर्षांतला पूर' हा शब्द. पूररेषांचे नकाशे असतात त्यात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. लोकांना वाटतं 2019 ला येऊन गेला म्हणजे आता नातवंडांनी बघावं. असं ते गणित नाही. 100 वर्षांतनं एकदा म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता, आणि दरवर्षी फासा नव्यानं पडतो, मागच्या वर्षी काय पडलं याची फाशाला आठवण नसते. घराचं कर्ज 30 वर्षं चालतं धरलं तर त्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी बघायची शक्यता 26 टक्के. निळ्या रेषेवरच्या घराला तीच 70 टक्के, म्हणजे येणारच धरा. आणि हे टक्के काढलेत जुन्या पावसाच्या नोंदींवरनं, पाऊसच बदलला तर रेषाही सरकणार. प्रत्यक्षात काय झालं, 2005, मग 2019, आणि दोनच वर्षांनी 2021 च्या जुलैत परत. तेव्हा कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 56 फुटांपर्यंत, 2019 पेक्षा जास्त, आणि सांगलीला 55 च्या आसपास, 2019 पेक्षा कमी.

यावर उपाय म्हणून लोकं सांगतात, उठा आणि माळावर जा. ज्यांना जमलं ते गेले पण. पण मळीचं रान खाली, म्हशी रानाजवळ, आणि माळावर प्लॉट घ्यायला जुनं घर विकायचं तर पुरात बुडालेलं घर घेणार कोण? बऱ्याच जणांनी मधला मार्ग काढलाय, घर आहे तिथंच, पण वर एक खोली स्लॅबची, आणि जून उजाडला की धान्य, कागदपत्रं, कपडे वर. 

2021 ला आत्याच्या घरच्यांनी वाट बघितली नाही. वीट-बीट काही ठेवली नाही, राजाराम बंधारा 43 ला लागला तसे म्हशी आणि म्हातारा दोन्ही हलवले. म्हाताऱ्यानं यावेळी स्वतःच पिशवी भरून ठेवली होती म्हणे. दुकानात पाणी आलं, पण 2019 च्या खुणेच्या खाली थांबलं. ती खूण दादानं भिंतीवर लाल ऑइलपेंटनं मारून घेतलीय, रंगारी बाकीची भिंत रंगवतो पण तेवढी पट्टी सोडतो. नवीन रॅक त्या पट्टीच्या वर ठोकलाय आणि त्याच्यावर तेलाचे डबे, साखर, चहा. स्टूल घेतल्याशिवाय हात पुरत नाही, गिऱ्हाईक वैतागतं. उधारी आता मोबाईलमध्ये असते, पण आत्याचा त्यावर विश्वास नाही, ती बॉलपेननं वेगळी वही लिहिते आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच रॅकवर, साखरेच्या मागं ठेवते.